सेनोबिया कोत्रीनाची साखळी

तायापाम्पाच्या सेनोबिया कोत्रीनाशी भांडायचं असेल तर माणसाने आधी पोटभर जेवून निघावं, कारण ते भांडण लवकर संपत नसे आणि मधूनच उठून जायची सोय नसे. बाई पाच फूटसुद्धा उंच नव्हती. डोक्यावरची उंच गवती टोपी धरली तरी गावातल्या बाप्यांच्या खांद्याला जेमतेम लागायची. पण गावच्या सभेत ती विणत विणत उभी राहिली की हेच बाप्ये टोप्या काढून हातात धरायचे. सुया चालू, जीभ चालू आणि नजर समोरच्याच्या तोंडावर. तिच्या हातून टाका निसटत नसे आणि समोरच्याच्या तोंडून खोटं सुटलं तर तेही ती अलगद उचलून घ्यायची.

काखामार्काच्या डोंगरात पोलीस चौकी अशी लांब, की चोरीची तक्रार द्यायला निघालेला माणूस परत येईपर्यंत चोराच्या घरी दुसरं बाळंतपण व्हायचं. म्हणून त्या गावांनी फार पूर्वीच आपली राखण आपणच सुरू केली होती. तिला म्हणायचं रोंदा. सेनोबिया एकोणीस वर्षं बायकांच्या रोंदाची अध्यक्ष होती. ती नवी असताना सभेच्या खोलीत खुंटीला एक चाबूक असायचा आणि चोराच्या पाठीवर तो मोजून चालवायचे. अध्यक्ष झाल्याच्या पहिल्याच महिन्यात तिने तो काढून घरी नेला आणि वासराच्या गळ्यात बांधला. कुणी विचारलं तर सांगायची, वासराला लागत नाही आणि माणसाला कळत नाही, मग तो वासरालाच बरा.

चाबूक गेला तरी साखळी होती. ही साखळी लोखंडाची नव्हे. ज्याने चूक कबूल केली त्याने भरसभेत साखळीला होकार द्यायचा, मग त्याला एका गावाने दुसऱ्या गावाच्या हवाली करायचं. दर गावात दोन आठवडे. दिवसा बांध घालायचे, शाळेचं छप्पर शाकारायचं, म्हाताऱ्यांचे बटाटे काढून द्यायचे. जेवण त्या त्या गावाचं, झोप कुणाच्या तरी ओसरीवर. गाव सोडताना सभेत उभं राहून आपण काय केलं ते सांगायचं, मग गाव त्याच्या वहीत शेरा लिहून शिक्का मारायचं. नीट वागला नाही तर एक आठवडा वाढ. अशी चार गावं झाली की आपल्या गावी परत यायचं, आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर उभं राहून सगळं बोलायचं. कुलूप नाही, पहारा नाही.

तुरुंगाचं नाव काढलं की सेनोबियाचा चेहरा दगड व्हायचा. तिचा नवरा बाल्दोमेरो दोन वर्षं समुद्रकाठच्या शहरात आत होता. भलत्याच माणसाच्या गुन्ह्यासाठी गेला होता, पण ते सिद्ध व्हायला दोन वर्षं लागली. परत आला तेव्हा स्वतःच्या घरात परसाकडे जायलाही बायकोची परवानगी मागायचा. जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायचा. सेनोबियाने चिडवून पाहिलं, रडून पाहिलं, एकदा तर भिंतीवर चुन्याने स्वतःचं तोंड काढून ठेवलं, म्हणजे निदान तिकडे तरी बघेल. तो हसला नाही. चार वर्षांनी तसाच गेला. म्हणून सभेत कुणी म्हणालं, द्या याला पोलिसात, की सेनोबिया म्हणायची, कुणाच्या घरच्या भिंतीला तोंड हवंय ते आधी सांगा.

आणि मग एक दिवस चोरी तिच्याच घरी झाली.

मुलीचं, नेरिदाचं, लग्न होतं. लग्नात बटाट्यावर भाजलेली कुई वाढली नाही तर त्या डोंगरात लग्न झालं असं कुणी म्हणत नाही. कुई म्हणजे आपलं गिनीपिग. सेनोबियाने चुलीमागे चोवीस कुई वाढवल्या होत्या. लसूणघास कापून कापून हातांना घट्टे पडले होते. लग्नाच्या दोन दिवस आधी ती चर्चची फुलं आणायला गेली आणि आली तेव्हा चुलीमागे फक्त घास होता. दोन दिवसांत चोवीस कुई कुठून आणणार? लग्नात पाहुण्यांना बटाटे मिळाले, वर मिरचीचा रस्सा मिळाला आणि आयुष्यभर पुरेल असा विषय मिळाला. त्याच दुपारी कुणीतरी नेरिदाला बटाटा-नवरी म्हणालं. हशा झाला, आणि नाव जे चिकटलं ते सासरच्या गावापर्यंत, सौसेपर्यंत, तिच्या बोचक्यासोबत गेलं.

सहा महिन्यांनी चोर सापडला, तोही सेनोबियालाच. ती तालुक्याच्या गावी चीज विकायला गेली असताना तिथल्या खाणावळवालीने सहज कौतुक केलं, की तुमच्या गावच्या माणसाने सहा महिन्यांमागे काय गुबगुबीत कुई आणून दिल्या होत्या, फिडलवाल्या माणसाने. तायापाम्पात फिडलवाला एकच होता. अर्किमेदेस मारुफो. मातीच्या भट्ट्या बांधायचा, लग्नांत फिडल वाजवायचा, आणि दोन्ही कामं नसली की हाताला खाज सुटायची. नेरिदाच्या लग्नातही तोच वाजवत होता.

सभेत अर्किमेदेसने मान खाली घालून कबूल केलं. तेव्हा गावातल्या अर्ध्या लोकांनी पोलीस पोलीस असा घोष लावला, कारण सेनोबियाला खूश करायचं होतं. सगळ्यात मोठ्याने पोलीस म्हणावं असं तर तिच्याच पोटात होतं. तिने सुया थांबवल्या नाहीत. विणलेल्या दोन ओळी उसवल्या, पुन्हा विणल्या. लोक वाट बघत होते, बाईचं तत्त्व आता कुठल्या बिळात शिरतं ते. शेवटी ती म्हणाली, साखळी. चार गावं. शेवटचं रूमीपाम्पा. आणि होकाराच्या कागदावर अध्यक्ष म्हणून तिनेच सही केली, शिक्का असा आपटला की टेबलाचा पाय हलला.

आठ आठवडे झाले. पहिल्या तीन गावांहून शिक्के आले, शेरे चांगले. चौथ्या गावाहून माणूस आला नाही. नववा आठवडा गेला, दहावा गेला. रूमीपाम्पाचा निरोप दर आठवड्याला तोच, की अजून सुधारला नाही, एक आठवडा वाढवलाय. सेनोबियाला बरंच वाटत होतं. भोगू दे, म्हणायची, आणि नातीसाठी लोकरी टोपी विणायला घ्यायची. कारण एवढ्यात सौसेला नेरिदाला मुलगी झाली होती. सेनोबियाने टोप्या विणून दुधाच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवल्या. स्वतः गेली नव्हती. गुडघे दुखतात, वासरू लहान आहे, चीज नासेल, अशी कारणं एकामागून एक निघत होती, आणि लग्नानंतर ती एकदाही सौसेला गेलेली नाही हे गावाला ठाऊक असून सगळे मूग गिळून बसले होते.

तेराव्या आठवड्याच्या सोमवारी कागद आला. तालुक्याच्या गावी अर्किमेदेसची बहीण राहत होती, तिने तक्रार दिली होती, की माझ्या भावाला रोंदावाल्यांनी पळवून नेऊन कोंडून ठेवलंय. सरकारी वकिलाच्या कचेरीतला माणूस गुरुवारी येणार होता. माणूस हजर करा, नाहीतर सही करणाऱ्या सेनोबिया कोत्रीनावर अपहरणाचा खटला. शाळेच्या मास्तरांनी कागद वाचून दाखवला आणि किती वर्षं ते सांगितलं. सेनोबियाच्या तोंडात जेवढे दात उरले होते त्याहून ती वर्षं जास्त होती.

जन्मभर लोकांना तुरुंगापासून वाचवलं आणि आता स्वतः आत जायची पाळी, तीही कुईचोरासाठी. तिने कपाळावर हात मारून घेतला, मग हसायलाच आलं. भिंतीवरचं चुन्याचं तोंड अजून तिथेच होतं.

मंगळवारी सकाळी ती रूमीपाम्पाला निघाली. चार तासांची चढण, कमरेला भाजलेल्या मक्याची पुरचुंडी, हातात विणकाम. रस्ताभर तिने रूमीपाम्पाच्या अध्यक्षाला, सेगुंदो सिएसाला, काय काय ऐकवायचं त्याची उजळणी केली. त्यांनी आपला माणूस दाबून ठेवला होता, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. भट्ट्या बांधणारा माणूस फुकटात मिळाला तर कोण सोडेल?

गावात शिरताच तिला पाच नव्या भट्ट्या दिसल्या. पाचही गोल, गुळगुळीत, एकीतून पावाचा वास येत होता. सहावीच्या डोक्यावर अर्किमेदेस बसला होता, हात कोपरापर्यंत मातीत. दोन बायका खालून त्याला मका देत होत्या आणि तो गालात हसत होता. तिला पाहिलं आणि हसू गेलं. मका हातात तसाच राहिला.

सेनोबियाने सेगुंदो सिएसाला गाठून वही मागितली. सेगुंदो भला माणूस, पोट सुटलेला, भांडणाला भिणारा. त्याने त्यांचा चिटणीस एल्मेर याच्याकडे बघितलं. एल्मेरने स्वतःच्या बुटांकडे. वही आली आणि सेनोबियाने गावातल्या लोकांसमोर ती मोठ्याने वाचायला घेतली. पहिल्या आठवड्याचा शेरा असा, की रस्स्याला नावं ठेवली. दुसऱ्या आठवड्यात अध्यक्षांच्या कुत्र्याकडे वाईट नजरेने बघितलं. तिसऱ्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी शिंकला, मुद्दाम. चौथ्या आठवड्यात फार नम्रपणे वागला, संशयास्पद. पाचव्या आठवड्यात सुधारणा सुरू झाली होती, ती थांबली. प्रत्येक शेऱ्याखाली सही आणि गोल शिक्का, एकदम टापटीप.

“सेगुंदोभाऊ,” ती वही मिटून म्हणाली, “कचेरीतल्या माणसाला दुसरा पुरावाच नको. तुम्ही त्याला कोंडलं म्हणून स्वतःच लिहून दिलंत, वर शिक्के मारलेत. माझ्याशेजारच्या कोठडीत जागा धरून ठेवू का तुमच्यासाठी?”

सेगुंदोची पाचावर धारण बसली. त्याने हात वर केले आणि खरं काय ते सांगून टाकलं. गावाने कुणाला दाबून ठेवलं नव्हतं. दोन आठवडे झाले, सभेत सगळं सांगून झालं, तेव्हा अर्किमेदेसच आला होता, हात जोडून, की मला अजून ठेवून घ्या. नियम असा, की वागणूक वाईट असल्याशिवाय कुणाला ठेवता येत नाही. नियम मोडायची तर रूमीपाम्पाला सवय नाही. म्हणून मग चिटणिसाने दर आठवड्याला एक वाईट वागणूक शोधून काढली, आणि शेवटी शेवटी बिचाऱ्याला सुचेना म्हणून अर्किमेदेसच त्याला सुचवू लागला. शिंक त्याचीच कल्पना होती.

सेनोबियाची रस्ताभर केलेली सगळी तयारी फुकट गेली. तिने मान वळवली. भट्टीवरून खाली यायचं नाव अर्किमेदेस काढत नव्हता.

आता पंचाईत अशी, की त्याला दंडाला धरून ओढत नेलं असतं तर ते खरोखरचं अपहरण झालं असतं, तेही साक्षीदारांसमोर. त्याने स्वतःच्या पायांनी यायला हवं होतं. सेनोबिया भट्टीच्या पायरीवर बसली, टोपी नीट केली आणि विणायला लागली. गुरुवारी काय होणार ते तिने त्याला खालूनच सांगितलं, आवाज न चढवता. बहिणीची तक्रार, कचेरीतला माणूस, खटला.

“मग मला पोलिसांतच देऊन टाका, काकी,” तो वरून म्हणाला. “तुमची सुटका, माझीही.”

“तुझी कशी?”

“तिथे सगळेच चोर. कोण कुणाच्या तोंडाकडे बघतंय? दोन वर्षं, तीन वर्षं, काय असतील ती काढायची. कुणाला काही सांगावं लागत नाही.”

सेनोबियाला बाल्दोमेरोची पाठ आठवली. जेवताना दिसायची ती पाठ. तिला अर्किमेदेसचा राग आला आणि त्याच वेळी त्याची कीवही आली, आणि कीव आल्याचा आणखी राग आला. चार गावांत चार वेळा सभेत उभा राहून कुईचोरी सांगून आलास, आता पाचव्यांदा माझ्यासमोर सांगायला काय जिभेला मुंग्या येतात, असं तिने विचारलं. त्याने मातीचा हात पँटला पुसला, पुन्हा मातीत घातला.

“मी काही ओढून नेणार नाही तुला,” ती म्हणाली. “पण हे सांगते. बाल्दोमेरो गेला तेव्हा त्याचंही कुणी तोंड बघितलं नाही. बायकोनेसुद्धा नाही. तुला तसं हवं असेल तर बस तिथेच, भट्टी चांगली बांधतोस.”

त्यानंतर ती बोलली नाही. सेनोबिया गप्प बसलेली रूमीपाम्पाने पहिल्यांदा पाहिली. बायका पाव भाजायचा सोडून बघायला आल्या. नातीच्या टोपीची एक कड विणून झाली. दुसरी सुरू झाली. ऊन कलायच्या आधी अर्किमेदेस खाली उतरला, हात धुतले, फिडल काखेत घेतलं आणि वाटेला लागला. ती त्याच्यामागे चार पावलं ठेवून चालली, म्हणजे कुणी बघितलं तर नेतोय कोण आणि जातोय कोण हे नीट दिसावं.

गुरुवारी शाळेच्या पटांगणात सभा बसली. कचेरीतला माणूस मोटारसायकलवरून आला. तरुण होता, बुटांना पॉलिश होतं, पण ओढ्यात गाडी बंद पडल्यामुळे एकाच बुटाला. त्याने फाईल उघडली, रूमीपाम्पाची वही बघितली आणि त्याच्या भुवया टाळूपर्यंत गेल्या. असा टापटीप पुरावा त्याला नोकरीत पहिल्यांदाच मिळत असावा.

त्याने अर्किमेदेसला पुढे बोलावलं. तुमची मुदत पाच आठवड्यांपूर्वी संपली, हो की नाही? हो. वहीत लिहिलंय की तुम्हाला ठेवून घेतलं, हो की नाही? हो. मग त्याने विचारलं, तुम्हाला तुमच्या इच्छेविरुद्ध तिथे ठेवलं होतं का?

इथे नुसतं हो म्हणायचं होतं. एक शब्द, आणि अर्किमेदेस तालुक्याच्या गावी बहिणीकडे, सेनोबिया मोटारसायकलमागे बसून कचेरीत. त्याला पुढे कुणालाच काही सांगावं लागलं नसतं. सेनोबियाच्या सुया चालू होत्या, पण टाके कुठे पडत होते ते देवाला माहीत.

“नाही,” तो म्हणाला. “मीच राहिलो.”

का, असं कचेरीतल्या माणसाने विचारलं. वहीत तर वेगळंच आहे, आणि कारण नाही सांगितलं तर मला वहीवर विश्वास ठेवावा लागेल.

अर्किमेदेसने फिडल खाली ठेवलं. मग काखेत घेतलं. मग पुन्हा ठेवलं. चोरीचं सगळ्यांना माहीत आहे, तो म्हणाला, ते मी चार गावांत सांगितलं, इथेही सांगेन. एक गोष्ट कुठेच सांगितली नाही, ती इथे आल्यावर सांगावी लागली असती. म्हणून आलो नाही. आणि मग तो कचेरीतल्या माणसाकडे पाठ करून सेनोबियाकडे वळला.

“काकी, लग्नात ताटं आली तेव्हा सगळे गप्प झाले होते. मला वाटलं, आता कुणीतरी विचारणार, कुई गेल्या कुठे. मी घाबरलो. फिडलची तार छेडली आणि ओरडलो, आली बघा आपली बटाटा-नवरी. सगळे हसले. त्या हसण्यात मी सुटलो. नेरिदा माझ्या समोरच बसली होती. तीही हसली, पण तिची हनुवटी हलत होती. ते नाव मी ठेवलंय. कुई खाऊन संपतात, काकी. ते नाव संपेना.”

लग्नात हसलेले सगळेच तिथे बसले होते. कचेरीतल्या माणसाने हळूच विचारलं, हे पण लिहायचं का? लिहा, असं अर्किमेदेस म्हणाला.

सेनोबियाच्या सुया थांबल्या. एकोणीस वर्षांत सभेत पहिल्यांदा. खटल्यातून ती वाचली होती, हे तिला कळत होतं. माणूस फाईल मिटत होता, दोरी बांधत होता. आणि तिला जन्मात कधी आला नव्हता इतका राग आला होता. चोवीस कुईंचा राग तिने तेरा आठवड्यांत पचवला होता. हा नवा होता, गरम, आणि ज्याचा आला तो तीन पावलांवर उभा होता.

“साहेब,” तिने विचारलं, “तुमच्या तुरुंगात एखादी खोली रिकामी आहे का? याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. चार दिवस याचं तोंड दिसणार नाही अशी.”

तशी सोय नाही म्हणाला तो, आणि तेही गंभीरपणे. लोक हसले. सेनोबियाला हसू आलं नाही. तिथे तिच्या लक्षात आलं की खोली हवी आहे ती अर्किमेदेसला हवी होती त्याच कारणासाठी, आणि हे कळल्यावर तिला आणखीच चिडायला झालं.

सभेने तिला विचारलं, नुकसान तुझं, भरपाई काय मागतेस. तिने सुया लोकरीच्या गुंड्यात खोचल्या. मग म्हणाली, कुई माझ्या होत्या, त्या त्याने वाढवून आणून द्याव्यात, त्यात काही अवघड नाही. नाव माझं नाही. ते ज्याचं आहे त्याला विचारायला हवं. साखळीत आणखी एक गाव घाला. सौसे.

कुणीतरी विचारलं, त्याला पोचवायला कोण जाणार? सगळ्यांनी सेनोबियाकडे बघितलं आणि तिने गुडघ्यावरून हात फिरवला. मग तीच म्हणाली, मी.

शनिवारी दोघं दुधाच्या ट्रकमधून सौसेला उतरली. नेरिदा अंगणात बार्ली पाखडत होती, पाठीला शालीत बांधलेली पोर. आईला बघून सूप तिच्या हातात तसंच राहिलं. सेनोबियाने इकडचं तिकडचं काही न बोलता अर्किमेदेसला पुढे ढकललं, आणि त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, हनुवटीचंही.

नेरिदाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे मला सांगून काय उपयोग, माझ्या सासूबाईंना सांग, त्या दिवसातून दहा वेळा म्हणतात. सासूबाई आतून आल्या. अर्किमेदेसने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, घाम पुसत. सासूबाईंना एकाएकी कोंबड्यांची आठवण झाली आणि त्या मागच्या दाराने गेल्या. नेरिदाच्या ओठांचा कोपरा जरा वर गेला. अर्किमेदेसला तिने गोठ्याची पडलेली भिंत दाखवली, माती कुठे आहे ते दाखवलं, आणि आठ दिवस सांगितले. तो जवळजवळ पळतच गेला.

आता उरल्या दोघी मायलेकी. सेनोबियाने कमरेवर हात ठेवले. आपण कसं चोराला त्याच्या तोंडूनच बोलायला लावलं, कचेरीच्या माणसाला कसं गप्प केलं, हे सांगायला तिने तोंड उघडलं होतं.

“आई, ते नाव मला पहिला महिना लागलं,” नेरिदा म्हणाली. “नंतर सवय झाली. ज्याची सवय झाली नाही ते सांगू?”

“सांग.”

“पाच टोप्या आल्या. ट्रकवाल्याने आणून दिल्या. पोर कुणासारखी दिसते हेही तो मला विचारून गेला, म्हणाला, तुझी आई विचारते. तुला दहा महिने इथे यायला लाज वाटली. मला तोंड दाखवायची लाज, का माझं तोंड बघायची?”

सेनोबियाने कारण शोधलं. गुडघे होते, वासरू होतं, चीज होतं. ती तिन्ही तोंडापर्यंत आली आणि समोर नेरिदाची नजर होती, थेट तिच्याच घराण्यातली, निसटलेलं उचलून घेणारी. सेनोबियाने किती जणांना अशा नजरेसमोर उभं केलं होतं ते तिला आठवेना.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला.

“आठ दिवस,” नेरिदा म्हणाली.

“काम काय?”

नेरिदाने शालीची गाठ सोडली आणि पोर तिच्या हातात दिली. सेनोबिया खाली बसली. पोरीने आजीच्या तोंडाकडे जरा वेळ टक लावून बघितलं आणि मग तिचा परकर ओला केला. सेनोबिया जागची हलली नाही.